खळ, कागद आणि सासूबाई

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी जुनी लोखंडी ट्रंक असेल, भिंतीतलं फडताळ असेल किंवा सासूबाईंच्या वेळची मांडणी असेल, तर तिच्या तळाशी काय अंथरलंय ते एकदा उचलून बघा. बहुतेकींच्या घरी पिवळं पडलेलं वर्तमानपत्र निघेल, कुणाकडे कॅलेंडरचं पान निघेल. आमच्या आशागडच्या घरात राजेश खन्ना निघाला, आणि त्याच्या खालच्या कप्प्यात झीनत अमान!

हसू नका. आज माझ्याकडे जुन्या सिनेमांची त्रेसष्ट पोस्टरं आहेत. बहुतेक १९६८ ते १९८२ या काळातली. कुणी भांडी जमवतं, कुणी साड्या जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं. त्याला लोक छंद म्हणतात. पण पोस्टरं जमवणाऱ्या बाईकडे लोक जरा निरखूनच बघतात. मी बी.ए. झालेली, सकाळी घरचं आवरून दुपारी शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवणारी, दोन मुलांची आई. त्यामुळे शेजारच्या वहिनींना माझी काळजी वाटणं साहजिक होतं. आमच्या घरातही या कागदाला छंद म्हणायचं की रद्दी, यावर बरेच दिवस दोन पक्ष होते. मी आणि धाकटी लेक एका पक्षात, सासूबाई एकट्याच दुसऱ्या पक्षात. आणि हे? हे नेहमीप्रमाणे तटस्थ!

ही पोस्टरं आमच्या घरात आली ती माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. अप्पा तरुणपणी डहाणूच्या एका थिएटरात पोस्टरं लावायच्या कामाला होते. सिनेमा शुक्रवारी बदलायचा, म्हणून गुरुवारी रात्री निघायचं. सायकलच्या कॅरियरला पोस्टरांची गुंडाळी, हँडलला खळीची बादली आणि दांड्याला बांधलेला लांब दांडीचा ब्रश. मसोली, मल्याण, सरावली करत आशागडपर्यंत यायचं, वाटेतल्या भिंती, फळ्या, पानाच्या टपऱ्या रंगवून टाकायच्या. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा तर त्यांना रात्र पुरत नसे. पुढे ते थिएटर बंद पडलं. अप्पांचा काही महिन्यांचा पगार राहिला होता. त्याच्याऐवजी उरलेल्या पोस्टरांचे गठ्ठे घरी आले.

पोटाला न लागणारा तो कागद मग घराने घरासारखाच वापरला. मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घातली, कप्प्यांत अंथरला, पावसाळ्यात कुडाची फट बुजवली, पाठकोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहिला. अप्पा २०१६ साली गेले. त्यानंतर तीन वर्षांनी घराचं छप्पर बदलायला काढलं आणि माळा रिकामा करताना एक अख्खा गठ्ठा सुखरूप निघाला. एक्केचाळीस पोस्टरं त्यातली आहेत. बाकीची बावीस मी जमवली. काही डहाणूच्या रद्दीवाल्याकडून, काही मुंबईच्या चोरबाजारातून. २०१३ साली डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून सकाळी डबा भरून निघालं की ग्रँट रोडला उतरून मटन स्ट्रीटवर दोन तास फिरता येतं, आणि दिवेलागणीला घरी येऊन भात टाकता येतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या कागदात? मलाही सुरुवातीला चित्र छान वाटलं, एवढंच. पण इतिहास शिकवायची सवय वाईट असते. वस्तू हातात आली की ती कुणी केली, कधी केली, असे प्रश्न सुटत नाहीत.

आपल्याकडे सिनेमाच्या पोस्टरची गोष्ट कोल्हापुरात सुरू होते, हे वाचून मला फार आनंद झाला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, तेव्हा त्याची जाहिरात वर्तमानपत्रातून मजकुराने झाली. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. मुळात ते चित्रकारच, नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक समजतात. कोल्हापूरचेच जी. कांबळे. त्यांनी रंगवलेलं शिवाजी महाराजांचं चित्र आपण शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर बघतो. त्याच हाताने १९६० सालच्या ‘मुघल-ए-आझम’ची जाहिरातचित्रं केली आहेत. एम. एफ. हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत शिडीवर चढून सिनेमांचे मोठमोठे फलक रंगवले होते. आणि १९७५ चा ‘दीवार’, १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ यांची पोस्टरं दिवाकर करकरे यांची. रंगाचे जाड, ओबडधोबड फटकारे, चेहऱ्यावर निळा, तांबडा, पिवळा असा कुठलाही रंग. जवळून बघितलं तर नुसते डाग, आणि चार पावलं मागे सरलं की संतापलेला अमिताभ!

हे सगळं हाताने व्हायचं, बरं का. चित्रकार आधी मोठं चित्र रंगवायचा, कधी फोटो कापून चिकटवायचा आणि त्यावरून ब्रश फिरवायचा. मग ते छापखान्यात जाई. फार पूर्वी चित्र दगडावर उतरवत, नंतर जस्ताच्या पत्र्यावर. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, त्यामुळे कागद यंत्रातून पुनःपुन्हा जायचा. एखादा ठसा केसभर सरकला की नायिकेच्या ओठांची लाली ओठांच्या बाहेर! माझ्याकडच्या एका पोस्टरात अशी लाली आहे. ते मला सर्वांत आवडतं. १९९० नंतर संगणक आला, मागोमाग फ्लेक्स आले आणि हाताने रंगवणाऱ्यांची कामं हळूहळू संपली.

माझ्या गठ्ठ्यात १९७१ सालचं ‘हरे रामा हरे कृष्णा’ आहे. झीनत अमानच्या डोळ्यांवर मोठा गोल चष्मा, गळ्यात माळा. तो हिप्पींचा काळ. व्हिएतनामचं युद्ध चाललेलं, अमेरिका-युरोपातली पोरं घरदार सोडून काठमांडूला नि गोव्याला येऊन राहत होती. देव आनंदने त्यांच्यावरच सिनेमा काढला. या पोस्टराचा फोटो मी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मामेभावाला पाठवला. त्याने उलट टपाली त्याच्या खोलीतल्या भिंतीचा फोटो पाठवला. तिथेही एक पोस्टर! वर भला मोठा पिवळा सूर्य, खाली भडक गुलाबी आणि नारिंगी रंग, आणि काळ्या सावलीसारखी तीन माणसं, फळ्या घेतलेली.

सर्फिंग म्हणतात त्या खेळाला. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं आणि किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं. आपल्या डहाणूच्या समुद्रावर कुणी असं केलं तर आधी कोळी लोक त्याला बाहेर ओढून काढतील! पण कॅलिफोर्नियात १९६० च्या आसपास त्याचं वेड लागलं होतं. ब्रूस ब्राऊन नावाच्या माणसाने त्यावर ‘द एन्डलेस समर’ हा सिनेमा केला. दोन तरुण उन्हाळ्याचा पाठलाग करत जगभर फिरतात, एवढीच त्याची गोष्ट. १९६६ साली तो सगळीकडे लागला. माझ्या मामेभावाच्या भिंतीवरचं पोस्टर त्याचंच, जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड या चित्रकाराने १९६४ साली केलेलं. अर्थात त्याच्याकडे आहे ती नंतर छापलेली प्रत. मुळातली म्हणाल तर त्याच्या पगारात बसणारी नाही.

मला मजा वाटली ती पुढची हकिकत वाचून. या सिनेमावाल्यांना सुरुवातीला मोठी थिएटरं कुणी देत नसे. ते गाडीत प्रोजेक्टर घालून समुद्रकाठच्या गावोगावी जात, शाळेचा हॉल भाड्याने घेत आणि सिनेमा चालू असताना स्वतः उभं राहून त्याची गोष्ट बोलून सांगत. अगदी आपल्या जत्रेतल्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजसारखं. त्यांच्यातला जॉन सेव्हर्सन तर सिनेमा स्वतः काढायचा आणि पोस्टरही स्वतः रंगवायचा, आपल्या बाबूराव पेंटरांसारखाच. १९७० साली त्याने ‘पॅसिफिक व्हायब्रेशन्स’ काढला. त्याचं पोस्टर रिक ग्रिफिनने केलं. हिप्पींच्या गाण्यांच्या जलशांची वळणावळणाच्या अक्षरांची पोस्टरं करणारा तो चित्रकार. आज ही पोस्टरं हौशी माणसं काचेच्या चौकटीत लावतात. त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. आपलीही निघाली नाहीत असं नाही. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हिंदी सिनेमाच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरलं होतं. पुण्याला १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानेही पोस्टरं जपून ठेवली आहेत.

एकच फरक मला खुपला. तिकडच्या पोस्टरांखाली चित्रकाराचं नाव बहुधा सांगता येतं. माझ्या त्रेसष्ट पोस्टरांपैकी फक्त अकरांवर सही आहे. बाकीच्यांवर तळाच्या पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असलं तर असतं. चित्र कुणी काढलं, जस्तावर कुणी उतरवलं, काहीच नाही. आठवड्यापुरता तर कागद! शुक्रवारी लागायचा आणि पुढच्या गुरुवारी त्याच्याच अंगावर दुसरा चिकटायचा. त्याच्यावर नाव कोण लिहीत बसणार?

यावरून मला आमच्या भागातलीच एक गोष्ट आठवते. आमच्या शेजारचं गंजाड हे जिव्या सोमा म्हशे यांचं गाव. वारली चित्रकलेसाठी त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. माझ्या वर्गात वारली मुलं-मुली आहेत. त्यांच्या आज्या सांगतात, लग्नात भिंतीवर देवीचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, बांबूची काडी. लग्न झालं, पुढे केव्हातरी भिंत पुन्हा सारवली की चौक गेला. तो टिकावा म्हणून काढलेलाच नसे. १९७० नंतर भास्कर कुलकर्णींसारखे कलावंत कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर आले, चित्रं मुंबईला, मग परदेशी गेली, त्यांना किंमत आली आणि चित्रकारांना नावं मिळाली. जिव्या सोमांचं काम थोर आहे, त्यांनी त्या कलेला जगापुढे नेलं, यात शंकाच नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी भिंती लिहिल्या, त्यांची नावं त्या सारवणाखालीच राहिली. हे मी वर्गात मुलींना सांगते, तेव्हा मागच्या बाकावरच्याही मान वर करून ऐकतात.

एवढं सगळं मी वर्गात शिकवत होते. आणि घरात?

सांगते. स्टेशनजवळच्या एका जुन्या केशकर्तनालयाची लाकडी फळी काढायची होती. तिच्यावर थरावर थर पोस्टरं चिकटलेली. मालकांना विचारून मी ती फळी घरी आणली, ओल्या फडक्याने थर सुटे केले आणि सर्वांत खालून १९७२ सालचा ‘पिंजरा’ निघाला. कोपरे गेलेले, पण मधला भाग शाबूत. त्याच्या पाठीवर मात्र वाळलेल्या खळीचा निळसर थर होता. सासूबाई ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, “आई, हा निळा रंग कसला हो असेल? छापखान्याचा?”

त्यांनी नुसतं वळून बघितलं. “छापखाना कसला? ती माझी खळ आहे.”

“तुमची?”

“मग काय तुझे अप्पा करत होते? दर गुरुवारी दोन पातेली खळ मी करायची. मोरचूद घातलं की निळी होते. नाहीतर कसर खाते, उंदीर खातात.”

मी या घरात येऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ह्यांनाही अर्धवटच ठाऊक होती. त्या दिवशी भाजी तशीच राहिली. सासूबाई बोलत होत्या आणि मी ऐकत होते. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहता कामा नये. दुसऱ्या पातेल्यात आधण ठेवायचं, त्यात तो धार धरून ओतायचा आणि हात न थांबवता ढवळायचा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झळक आली की उतरवायचं. जरा कोमट झालं की मोरचूद. ते पातेलं वेगळं, ढवळायची काठी वेगळी. मोरचूद विषारी, म्हणून मुलांना त्या वेळी शेजारी धाडायचं. पावसाळ्यात खळ घट्ट करायची, उन्हाळ्यात पातळ. यात्रेच्या दिवसांत दोनाची चार पातेली व्हायची. पहाटे अप्पा परत आले की बादली आणि ब्रश घासायचा, नाहीतर ब्रश दगड होतो.

“मी लग्न होऊन आले ते दुष्काळाच्या साली, बहात्तर साली,” त्या म्हणाल्या. “रेशनवर तो लाल मिलो मिळायचा. भाकरी कसली ती, घशाखाली उतरत नसे. आणि चुलीवर मैद्याची खळ! थिएटरातून मैदा मोजून यायचा. मोरचूद पडेपर्यंत नाकाला कसा वास यायचा, तुला काय सांगू. पण त्यातला चमचाभर कधी घरात वापरला नाही. मोजून आला होता ना!”

मी विचारलं, “या कामाचे पैसे वेगळे मिळायचे?”

“मला कसले? पगार त्यांना होता.”

“सिनेमे तरी बघायला मिळायचे?”

“दोन बघितले. बाकीचे भिंतीवर.”

तेव्हा मला कळलं, की या कागदाचं नाव काढलं की सासूबाईंच्या कपाळाला आठी का पडते. माझ्या दृष्टीने ती हातानं रंगवलेली जुनी चित्रं होती. त्यांच्या दृष्टीने तो न मिळालेला पगार होता, बारा-तेरा वर्षांचे गुरुवार होते. आणि माळ्यावरचा गठ्ठा बंबात घालायला निघालेल्या त्या, घरात तो एकच कागद असा होता की ज्यावर त्यांचा खरोखर हक्क होता.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक पोस्टराला नंबर, सिनेमाचं नाव, साल, मापं, चित्रकार, छापखाना, कुठून मिळालं, असे रकाने. त्या रात्री मी पट्टी घेऊन आणखी एक रकाना आखला: ‘खळ’. ‘पिंजरा’पुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “तुला दुसरे उद्योग नाहीत.” पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या, तेव्हा वही बाहेर काढून दाखवायला मला सांगितलं त्यांनीच!

आता थोडं कामाचं बोलू. तुमच्याकडेही असा काही जुना कागद निघाला, पोस्टर असो, लग्नपत्रिका असो की वडिलांची प्रमाणपत्रं, तर तो आमच्यासारख्या दमट हवेत टिकवायला फार खर्च लागत नाही. एवढंच पाळा.

घडीवर फाटत असेल तर ओढून उलगडू नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पाट आणि त्यावर पुस्तकं, आठवडाभर.

सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो, सुटतो आणि चित्र घेऊन जातो. लॅमिनेशनही करू नका, एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही.

दुरुस्तीला मोरचुदाची खळ नको. आपण कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो ना, जगभरच्या संग्रहालयांत त्याच जातीची गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी पातळ कागद वापरतात! ती लावा, तीही पातळ, मागच्या बाजूने.

मोठा कागद घडी न घालता गुंडाळून ठेवावा. कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याची जाड नळी फुकट मिळते. तिच्यावर धुतलेलं पांढरं मलमल गुंडाळायचं, मग कागद, चित्राची बाजू आत, मग पुन्हा मलमल.

ट्रंक जमिनीवर ठेवू नका, खाली विटा द्या. भिंतीला टेकवू नका. वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंड फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका. दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी झाली की एक दिवस सगळं सावलीत पसरायचं. उन्हात नाही, रंग उडतात.

आणि विकत घेत असाल तर फसू नका. जुनं पोस्टर पातळ कागदावर असतं, टपालाने आणि रेल्वेने घडी करून यायचं म्हणून घडीच्या खुणा असतात, तळाला छापखान्याची ओळ असते. तीस बाय चाळीस इंच हे पूर्ण पोस्टरचं नेहमीचं माप. जाड, गुळगुळीत, कोरंकरकरीत मिळालं तर ते परवा छापलेलं समजा.

गेल्या दिवाळीनंतर एक व्यापारी आमच्याकडे आले. कुणाकडून तरी ऐकून मुंबईहून मुद्दाम आलेले. चहा झाला, गुंडाळ्या उलगडल्या, आणि त्यांनी सगळ्या गठ्ठ्याचा एकदम भाव सांगितला. रक्कम लहान नव्हती. छपराचं कर्ज अजून फिटायचं होतं, मोठ्याची बारावी तोंडावर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला होता. माझी बावीस पोस्टरं माझी होती, पण ती एक्केचाळीस? ती विकू नका असं म्हणायचा मला काय अधिकार? कर्ज सगळ्यांचं आणि हौस माझी एकटीची.

मी म्हटलं, “ही आईंची आहेत. त्यांना विचारा.”

व्यापारी जरा गोंधळले. सासूबाई पदर सावरून पुढे येऊन बसल्या. शांतपणे म्हणाल्या, “चित्राचे एवढे सांगितलेत. खळीचे किती धराल?”

त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करते. ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला एकेक गुंडाळी उघडायला लावली. ‘जय संतोषी माँ’च्या तीन प्रती होत्या. त्यांतल्या दोन त्यांनी बाजूला काढल्या. आणखी चार सिनेमांच्या दोन-दोन प्रती होत्या, त्यांतली एकेक काढली. एका सिनेमाची एक तरी प्रत घरात राहिली पाहिजे, हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला. मग त्या सहांचा भाव त्यांनी स्वतः केला. मासळीबाजारात करतात तसा. व्यापाऱ्यांनी दोनदा उठल्यासारखं केलं आणि दोनदा बसले.

त्या पैशातून कर्जाचे चार हप्ते गेले. उरलेले सासूबाईंनी पोस्टात आपल्या नावावर टाकले. “हा माझा पगार,” एवढंच म्हणाल्या. ह्यांनी मान खाली घालून पासबुक कपाटात ठेवलं. बाकीचा गठ्ठा पुन्हा मलमलीत गेला.

तेव्हा, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. जुनी वस्तू निघाली की आपण “हे कुणाचं?” असं विचारतो, आणि उत्तर बहुधा एखाद्या पुरुषाच्या नावाने येतं. त्याच्या पुढचा प्रश्नही विचारा: यात तुमच्या हातचं काय होतं? उत्तर लगेच येणार नाही. “माझं कसलं” असंच आधी म्हणतील. तुम्ही भाजी निवडायला शेजारी बसा, घाई करू नका, आणि जवळ एक वही ठेवा.

मोजणीला मात्र एक दुरुस्ती. सुरुवातीला त्रेसष्ट म्हटलं तो दिवाळीचा आकडा. आता सत्तावन्न आहेत. आणि ‘खळ’ या रकान्यात ‘पिंजरा’शिवाय आणखी नोंदी व्हाव्यात म्हणून सासूबाई स्वतःच आठवून सांगतात, की कुठल्या टपरीच्या, कुठल्या दुकानाच्या जुन्या फळीखाली अजून त्यांचे गुरुवार सापडतील.